कपलरचं गंगास्नान

गंगेवरच्या बालाजी घाटावर पंप सुरू होता, पाणी तयार होतं, आणि फवाऱ्याची एकही गन होजला, म्हणजे पाण्याच्या पाइपला, जोडता येत नव्हती.

पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर जाड गाळ राहतो. तो ओला असेपर्यंत पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघतो. ऊन लागलं की घट्ट होतो, मग फावड्याने खणावा लागतो. आमच्या ठेकेदार कंपनीचं काम हेच, आणि तिथली साइट इंजिनिअर मी.

अडले होते कपलर. कपलर म्हणजे होजच्या टोकाचा धातूचा जोड. त्याची बाहेरची कडी मागे ओढायची, गनचं टोक आत घालायचं, कडी सोडायची. आमच्या कड्या गंजून जागच्या हलत नव्हत्या. पान्याने जोर लावला तर एक तुटलीच.

मॅनेजरसाहेबांना फोन लावला. ऐकून त्यांनी लगेच निकाल दिला. स्टोअर शिवपूजन मिस्त्रींकडे, म्हणजे हलगर्जीपणा त्यांचा. उद्यापासून त्यांना कामावर घेऊ नका. स्पीकर चालू होता आणि शिवपूजनजी माझ्या शेजारीच उभे होते.

मी म्हटलं, "सर, पहले कारण तो देख लेने दीजिए."

"कारण आपके बगल में खड़ा है," साहेब म्हणाले.

शिवपूजनजी गमछ्याने कपलर पुसायला लागले. मी त्यांचा हात धरला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वाशीमला कॉलेजात वर्कशॉपचे सर सांगायचे, गंज आधी नीट बघायचा, मग घासायचा. ते वाक्य माझ्या फार कामी आलंय.

कपलरवर गंजाच्या बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या. थेट तागाच्या विणीसारख्या. मी विचारलं, मागच्या हंगामात सामान ठेवलं कसं होतं? शिवपूजनजींनी अभिमानाने सांगितलं. काम संपल्यावर प्रत्येक होजचं टोक गंगेत बुडवलं, फूल वाहिलं आणि धूळ जाऊ नये म्हणून गोणपाटात घट्ट गुंडाळलं.

"गंगाजी में नहलाए बिना कैसे रख देते, मॅडम?"

हलगर्जीपणा कुठेच नव्हता. काळजी जरा जास्तच झाली होती. ओलं गोणपाट महिनोन्महिने लोखंडाला चिकटून राहिलं. त्यात काही जोड पितळेचे, काही लोखंडाचे. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागून राहिले की लोखंड आधी खराब होतं. शिवाय पंप बंद केल्यावर गनचा खटका दाबून दाब सोडला नव्हता, त्यामुळे होजमध्येही पाणी तसंच होतं.

गंज सोडवणारं तेल मारलं, थोडा वेळ मुरू दिलं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकत कड्या सोडवल्या. निम्म्या वाचल्या. तेवढ्यांवर घाट ओला असेतो धुऊन काढला. मग साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण पुढच्या वर्षी जाम झालं तर "आप दोनों घर जाइएगा."

हंगाम संपताना शिवपूजनजींनी अवघडून विचारलं, आता स्नान बंद का?

"स्नान कराइए. पर उसके बाद बदन पोंछिए और तेल लगाइए."

"तेल तो नहाने से पहले लगता है, मॅडम. आपके महाराष्ट्र में उल्टा है का?"

"मशीन का उल्टा है."

सगळे हसले, पण केलं तसंच. दाब सोडला. स्नान झालं. कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी उडवलं, कोरड्या फडक्याने पुसलं. कड्यांना पातळ ग्रीस लावलं, आतल्या रबरी रिंगांना सिलिकॉनचं, कारण साध्या ग्रीसने काही रबर फुगतं. टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घातल्या आणि होज खुंट्यांवर टांगले. शक्य तिथे पितळेला पितळच जोडलं. गोणपाट स्टोअरच्या दारात पाय पुसायला टाकलं.

यंदा पूर ओसरला त्या सकाळी शिवपूजनजींनी मला साहेबांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. कॅमेऱ्यासमोर कपलर धरला आणि कडी दोन बोटांनी मागे ओढली. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. साहेब म्हणाले, पुरे, कळलं. शिवपूजनजी थांबले नाहीत, सगळे दाखवले. मीही फोन खाली घेतला नाही.

कपलरला आंघोळ घालायला काहीच हरकत नाही. फक्त ओल्या कपड्यांत झोपवू नये.