जहाजवाले साहेब

यवतमाळहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच पडतो. आमचे ग्रेडर साहेब मात्र जन्मभर फक्त जहाजं बनवत आले, आणि तीही समुद्र एकदाही न पाहता. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "सर, समुद्र पाहून काय करू? मले जहाज पाह्यजे. पाणी तं नळालेही येते." नळाला तेव्हा पाणी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आम्ही चौघं होतो. प्लास्टिकचे सुटे भाग कापून, घासून, चिकटवून, रंगवून खऱ्या यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती करायच्या, हा आमचा छंद. पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी कधी उत्तर दिलं नाही, कारण तोंडाळपणा केला की छंदाची मजा जाते. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि रेल्वेची इंजिनं करायचो. दुसरे दातांचे डॉक्टर, ते रणगाडे करायचे, आणि पेशंटच्या तोंडातून निवृत्त झालेली हत्यारं आमच्या टेबलावर आणायचे. तिसरे भाई. लोहाऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं मोटरसायकलचं गॅरेज होतं, त्यामागच्या खोलीत आम्ही रविवारी दुपारी जमायचो. भाई विमानं करायचे. आणि चौथे ग्रेडर साहेब. कापूस खरेदी केंद्रावर गाडीतल्या ढिगात हात खुपसून कापसाची प्रत ठरवायची, ही त्यांची नोकरी. हंगामात रोज एसटीनं राळेगावला जायचे, दिवसभर लोकांच्या शिव्या खायचे आणि संध्याकाळी केसांत रुई घेऊन परत यायचे.

या रुईमुळे आमच्याकडे एक रीत पडली होती. दुसऱ्या गावच्या छांदिष्टांना ती सांगितली तर हसतील. दिवाळीनंतर कापसातून सरकी काढणारे जिनिंग कारखाने सुरू झाले की गावाच्या हवेत बारीक तंतू तरंगायचे. ओल्या रंगावर एक तंतू बसला की विमानाच्या पंखाला केस उगवल्यासारखा दिसायचा. म्हणून हंगाम संपेपर्यंत कोणीही ब्रश हातात घ्यायचा नाही. ते महिने खरेदीचे आणि दाखवण्याचे. नागपूरला सीताबर्डीवर एक छोटं दुकान होतं, तिथून जो तो काहीबाही आणायचा: किट, कटर, चिमटा, जुन्या युद्धनौकांचं फोटोंचं पुस्तक. आणलेली वस्तू घरी उघडायची नाही. ती टेबलावर ठेवायची, डाव्या हाताला बसलेल्यानं खोक्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा. काय आहे, किती पटीनं लहान, कोणत्या साली निघालं. साल महत्त्वाचं, कारण जुन्या साच्यातला माल नव्या खोक्यात घालून विकायची कंपन्यांना खोड असते, आणि डॉक्टरांना फसवलं जाण्याचा भारी राग. साल वाचून झालं की झाकण उघडायचं, सगळ्यांनी वास घ्यायचा, मग वाद सुरू.

ग्रेडर साहेबांसारखं चोखंदळ गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. कापसाच्या बोंडात कचरा शोधायची सवय, ती इथेही सुटत नसे. हवं ते जहाज नसेल तर दुकानदारानं दुसरं कितीही पुढे केलं तरी ते रिकाम्या हातानं परत यायचे. आणलेलं खोकं मात्र बायकोला दिसू नये म्हणून पेपरात गुंडाळून, वर भाजीची पिशवी ठेवून घरात न्यायचे, अशी आमची समजूत होती. त्यावरून आम्ही त्यांची यथेच्छ टर उडवायचो. ते नुसते हसायचे.

मग ती वर्षं आली. सकाळी पेपर उघडवत नसे. कापसाच्या गाड्या केंद्रासमोर उभ्या, खरेदी सुरू नाही, एकामागून एक जिनिंग बंद. आणि एका हिवाळ्यात भाई गॅरेजच्या दारात उभे राहून बराच वेळ वर पाहत राहिले. म्हणाले, "सर, यंदा हवा एकदम साफ हाये. रंग मारून घ्या ज्याले मारायचा हाये." आम्हाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं त्या रुईला बोल लावले होते. पण कोणी ब्रशला हात लावला नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात एकही तंतू नव्हता, आणि मला त्या स्वच्छ उन्हाची चक्क भीती वाटली.

त्याच हिवाळ्यात ग्रेडर साहेब गेले. राळेगावच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. कंडक्टरला वाटलं झोपलेत, म्हणून त्यानं स्टँड येईपर्यंत उठवलं नाही. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले, आमचे नव्हेत, सरकारी दवाखान्यातले.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा जमलो. त्यांची खुर्ची हलवावी की राहू द्यावी हे ठरेना, म्हणून ती होती तिथेच राहिली. भाई चहा घेऊन आले तर ट्रेमध्ये चार कप. आमच्यापैकी कोणी काही म्हणायच्या आत दारात वहिनी दिसल्या, साहेबांच्या पत्नी. हातात पेपरात गुंडाळलेलं खोकं, वर भाजीची पिशवी. त्या सरळ आत आल्या, त्या खुर्चीवर बसल्या आणि खोकं टेबलावर ठेवलं.

"हे याईचं," म्हणाल्या. "दाखवायचं राह्यलं होतं."

वाचायची पाळी माझी होती. मी वाचलं. झाकण उघडलं, वास घेतला. एक मालवाहू जहाज होतं, अगदी त्यांच्या आवडीचं, कुणाला ठाऊक नसलेलं. वहिनींनी चौथा कप उचलून शांतपणे चहा घेतला, खोकं परत गुंडाळलं आणि निघाल्या. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. दुसरं खोकं, तेच वाक्य.

तेव्हा कळलं की साहेब वहिनींपासून काहीच लपवत नव्हते. ते आमच्यापासून लपवत होते. आम्ही टर उडवतो म्हणून निम्मी खरेदी त्यांनी आम्हाला दाखवलीच नव्हती. घरी मात्र नवराबायको दोघं मिळून खोकी उघडायचे, आणि कोणतं रविवारी न्यायचं हे वहिनी ठरवायच्या.

मी विज्ञान शिकवणारा माणूस. पण त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्या हंगामात जे झालं त्याला दुसरा शब्द नाही. साहेब येत होते. खोकं उघडलं की डॉक्टर सवयीनं त्या खुर्चीकडे वळून म्हणायचे, "काय साहेब, हा नांगर जाड नाही वाटत?" आणि मग तिथे वहिनी बसलेल्या पाहून ओशाळायचे. वहिनी मात्र गडबडत नसत. "ते म्हणत होते, घासून बारीक होते," असं उत्तर द्यायच्या, आणि ते उत्तर बरोबर असायचं. एकदा भाईंच्या गॅरेजमध्ये कोणीतरी खाकरलं. साहेब दारातून आत येताना खाकरायचे, अगदी तसंच. आम्ही तिघांनीही एकदम मान वर केली. गिऱ्हाईक होतं. कोणी हसलं नाही.

वहिनी आल्या नाहीत तर बरं, असं मला वाटायचं, आणि त्यांना यायला उशीर झाला की जीव खाली-वर व्हायचा. कारण आम्हा सगळ्यांना दिसत होतं, साहेबांच्या घरचं खोक्यांचं कपाट कधीतरी रिकामं होणार. वहिनींना मूलबाळ नव्हतं. माहेर लांब. खोकी होती तोवर त्यांचा नवरा रविवारी कुठेतरी जात होता, चार माणसांत त्याचं बोलणं होत होतं. शेवटचं खोकं संपलं की त्यांना तो दुसऱ्यांदा गमवावा लागणार होता. भाई एकदा हळूच म्हणाले, "सर, आपणच गुपचूप काही आणून त्याईच्या कपाटात ठेवता येत असतं तं." डॉक्टर त्यांच्यावर खेकसले. पण हा विचार डॉक्टरांच्याही मनात येऊन गेला असणार, नाहीतर इतकं खेकसायचं काय कारण?

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी वहिनींनी एक लढाऊ जहाज आणलं. पुन्हा माझीच पाळी. नाव वाचलं, पट वाचली आणि खोक्याच्या कडेवरच्या सालाशी माझी जीभ अडकली. ते साल चालू वर्षाचं होतं. साहेब गेल्यानंतर निघालेलं किट होतं ते. मी खोकं खाली ठेवू लागलो.

"साल वाचा ना, सर," वहिनी म्हणाल्या.

मी वाचलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. भाई उठून कारण नसताना कॉम्प्रेसरची नळी गुंडाळू लागले.

"कपाटातले सरले," वहिनी म्हणाल्या. "म्हून मी नागपूरले गेलती. त्या दुकानात. मी याईच्यासंगं दोन-तीनदा गेली होती, त्यानं लगेच वळखलं. म्हणे साहेबासाठी बाजूला काढून ठेवलं हाये, किती दिवस झाले, काहून नाही आले? मी म्हटलं, कामात हायेत."

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "असं करू नये. हे तुमच्यासाठी चांगलं नाही."

"मले मालूम हाये, डॉक्टर." त्या जराही चिडल्या नाहीत. "मी येडी नाही झाली. त्याईले मीच न्हाऊ घातलं होतं. पण गावात जिथं जाईन तिथं लोक मान खाली घालतेत. त्या एका दुकानात कोणी मान खाली नाही घातली. तो माणूस म्हणे, साहेबाले सांगा, वाट पाहून राह्यलो. तेवढी एक जागा राह्यली. तुमच्यापैकी कोणी गेलं तं त्याले सांगू नका, एवढंच म्हणणं हाये."

घरी जाताना माझा संताप संताप झाला. कोणावर ते कळेना. वहिनींवर नव्हे. बहुधा साहेबांवरच. माणसानं जायचं तर नीट जावं, असं अर्ध्या वाटेत खिडकीला डोकं टेकून जाऊ नये. मी ठरवून टाकलं की पहिली संधी मिळताच दुकानदाराला खरं सांगायचं. खोटं एकदा थांबलं की वहिनींचंही मन थाऱ्यावर येईल. मास्तरकीची खोड, दुसऱ्याच्या भल्याचा निर्णय आपणच घ्यायचा.

उन्हाळ्यात पेपर तपासायला नागपूरला गेलो, तेव्हा सीताबर्डीवर वळलो. दुकान तसंच होतं, अंधारं, छतापर्यंत खोकी. दुकानदार पंख्याखाली बसला होता. मला पाहिलं आणि पहिलंच वाक्य, "तुमचे जहाजवाले साहेब कसे आहेत?"

माझं वाक्य मी बसमध्येच तयार केलं होतं. ते ओठांवर आलं. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर नुसती चौकशी होती, गेल्या दोन वर्षांत साहेबांचं नाव निघालं की मला कोणाच्याच चेहऱ्यावर न दिसलेली साधी चौकशी. मी म्हणालो, "बरे आहेत."

"या म्हणावं कधीतरी. वहिनी येऊन गेल्या." मग तो जरा पुढे झुकला. "त्यांना एक निरोप द्याल? ते एका जुन्या बोटीसाठी माझ्या फार मागे लागले होते. ती आता येणार नाही, कंपनीनं साचाच मोडीत काढला. तिच्याच जातीची दुसरी आहे माझ्याकडे. चालेल का, एवढं त्यांना विचारून कळवा. नाहीतर मी दुसऱ्या कोणाला देतो."

मी हो म्हणालो. परतीच्या बसमध्ये कळंब मागे पडेपर्यंत मी मनाशी घोळवत होतो, साहेबांना ही बातमी कशी सांगावी. साचा मोडला म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडेल. मग एकदम भान आलं. तरीही यवतमाळला उतरल्यावर मी घरी गेलो नाही, साहेबांच्या घरी गेलो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी निरोप जसाच्या तसा सांगितला, शब्द न बदलता. त्यांनी ऐकून घेतला. सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आयकलं का? ते बोट नाही येत म्हणते आता. दुसरं हाये त्याच्यापाशी. चालते काय?"

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगाची कड दिसत होती. मी विज्ञानाचा मास्तर, आणि मी श्वास रोखून उत्तराची वाट पाहत होतो. वहिनीही पाहत होत्या. पंखा फिरत होता, बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

मग वहिनींचे डोळे भरून आले. त्या माझ्याकडे वळल्या.

"नाही म्हणतेत," त्या म्हणाल्या. "दुसरं नको. आता कोणतंच नको म्हणतेत."

मी मान हलवली. तेच बोलले असते ते. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीडी बूथवरून मी नागपूरला फोन लावला आणि दुकानदाराला सांगितलं, "साहेब नको म्हणाले."