आधी काय चालतंय ते सांगा

शेडमध्ये ट्रेलर नवे बनत आणि जुने दुरुस्तही होत. सांगाडा जोडायचा आणि रंग द्यायचा हे दिराचं काम. दिवे, वायरी आणि प्लग हे वहिनीचं. थोरला भाऊ पुढच्या काउंटरवर सुटे भाग विकायचा आणि मागे या दोघांची जुंपली की ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एवढ्या वर्षांत त्या कामात तो चांगलाच तरबेज झाला होता.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होती. तक्रारींच्या टेबलावर तिने बारा वर्षं काढली. आपला फोन बंद पडलेली माणसं शेजाऱ्याच्या फोनवरून तिच्यावर ओरडायची आणि ही शांतपणे ऐकत वायर नेमकी कुठे गेली असेल याचा अंदाज बांधायची. पुढे ते ऑफिसच बंद झालं. दोन महिने ती घरी बसली. तिसऱ्या महिन्यात डबा घेऊन शेडमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घरी बसून मला गंज चढायला लागलाय. काहीतरी काम द्या."

दिराला वाटलं, बरं झालं, फळ्यांवरचे नटबोल्ट तरी कोणी लावून ठेवील. वहिनी नटबोल्टांकडे वळलीसुद्धा नाही. कोपऱ्यात एक ट्रेलर तीन आठवडे पडून होता. दोन मेकॅनिकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. डावीकडचा इंडिकेटर लावला की ब्रेकचे दोन्ही दिवे मिणमिणायचे. ती त्याच्यापुढे स्टूल टाकून बसली. दिराने पाठ फिरवून हसून घेतलं. दुपारच्या जेवणाच्या आत ट्रेलर ठणठणीत झाला. त्या हसण्याची लाज त्याला पुढे बरीच वर्षं पुरली.

तिची कामाची तऱ्हाच निराळी होती. गिऱ्हाईक तावातावाने यायचं. "ताई, काहीच चालत नाही!"

"काय चालतंय ते आधी सांगा," वहिनी म्हणायची.

"अहो, काहीच नाही म्हणतोय ना!"

"नंबर प्लेटवरचा दिवा?"

"तो लागतो."

"उजवा इंडिकेटर?"

"तो... हो, तोही लागतो. पण फार जोरात लुकलुकतो."

अशी एकेक गोष्ट ती माणसाच्या तोंडून काढून घ्यायची. "काहीच चालत नाही" म्हणत आलेल्या ट्रेलरचं निम्म्याहून जास्त चालत असायचं आणि बिघाड बिचारा एका कोपऱ्यात सापडायचा. मग त्याच माणसाला गाडीत बसवून ती ब्रेक दाबायला लावायची आणि स्वतः चहाचा कप घेऊन मागे उभी राहायची. चहा संपेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. लोकांना वाटे, बाई वेळकाढूपणा करते. पण कप खाली ठेवून ती उठायची तेव्हा सरळ दुखऱ्या जागीच बोट ठेवायची. इंडिकेटर जोरात लुकलुकतोय म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. एक दिवा लावल्यावर भलताच मिणमिणतोय म्हणजे अर्थिंग धड नाही. सगळंच मेलंय म्हणजे आधी प्लग उघडा आणि आतला हिरवा चुरा झाडा.

एक होडीवाला होता. तळ्यावर होडी ओढून न्यायचा आणि दर महिन्याला मागच्या दिव्यांचे बल्ब फुटले म्हणून यायचा. तीन दुकानांचे बल्ब लावून झाले होते आणि आता त्याचा साऱ्या जगावरच राग होता. वहिनीने त्याला फक्त विचारलं, "तळ्यावर पोचल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"काय करणार? ट्रेलर मागे घेतो आणि पाण्यात घालतो."

"म्हणजे तासभर जळून तापलेले दिवे सरळ गार पाण्यात. बल्बांनी करावं तरी काय? आधी प्लग काढा, काठावर बसून चहा प्या आणि मग पाण्यात उतरवा."

होडीवाला त्यानंतर बल्बांसाठी कधी आला नाही. चहा प्यायला मात्र यायचा. दिराने ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली होती की होडीवाल्याला आपण प्रसिद्ध आहोत असं वाटायला लागलं होतं. वहिनीची बढाई मारायला दिराला मनापासून आवडायचं. ती समोर नसली की.

ती समोर असली की भांडण व्हायचं आणि ते एकाच गोष्टीवरून. प्लगमधून येणारी पांढरी वायर ट्रेलरच्या सांगाड्याला एका बोल्टने जोडतात. दिव्यांमधून गेलेली वीज याच वाटेने गाडीकडे परतते. त्या बोल्टखालचा रंग वहिनी कानशीने खरवडून लोखंड उघडं पाडायची, बोल्ट आवळायची आणि वरून ग्रीसचा ठिपका द्यायची. दिराचा तिथे जीव जायचा. तीन हात रंग, मध्ये पॉलिश, वर चकचकीत लेप, आणि ही बाई त्याला टक्कल पाडणार!

"वहिनी, नव्या कोऱ्या शर्टाला भोक पाडता तुम्ही."

"भाऊजी, रंगातून वीज जात नाही."

"दिसायला कसं दिसतं ते?"

"मागच्या गाडीवाल्याला तुमचा रंग बघायचा नसतो. त्याला दिवा दिसला म्हणजे झालं."

आणि एवढं करूनही तिचं समाधान व्हायचं नाही. काम संपलं की ट्रेलर गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून उचलायचा, गाडीला बांधलेल्या साखळ्याही सोडायच्या, नुसता प्लग जोडलेला ठेवायचा आणि सगळे दिवे पुन्हा तपासायचे. दरवेळी ट्रेलर उचलताना दिराची कंबर धरायची. का उचलायचा हे त्याने कधी विचारलं नाही. आपल्याला मुद्दाम छळायलाच हे चाललंय, अशी त्याची खात्री होती.

तर झालं असं. रोपवाटिकेच्या मालकाचा एक ट्रेलर, याच शेडमध्ये बनलेला, महिन्यापूर्वी पुन्हा रंगाला आला होता. फक्त रंगाला. वहिनी तेव्हा आठ दिवस माहेरी गेली होती. दिराने त्याला असा काही रंग दिला की मालक त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला. त्यानंतर परवाच्या सोमवारी संध्याकाळी तोच ट्रेलर कुंड्या घेऊन चढावर चालला असताना मागून स्कूटरवर आलेली एक नर्स त्यावर आदळली. तिचं मनगट मोडलं. तिचं म्हणणं एकच होतं, ट्रेलरला मागे एकही दिवा नव्हता.

ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की प्लग जोडला होता, दिवे पाहिले होते आणि मगच निघालो होतो. पण दुसऱ्या दिवशी मालकाच्या आवारात प्लग जोडून पाहिला तर सगळे दिवे लख्ख. मालक म्हणाला, दिवे धडधाकट आहेत, म्हणजे तू प्लग लावायलाच विसरलास आणि अपघात झाल्यावर गुपचूप लावलास. नोकरी तर जाणारच होती, वर लायसन्सही जाणार होतं. एकोणीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या हातात मग उरणार काय? शुक्रवारी सकाळी मालकाने ट्रेलर शेडवर आणला तो केवळ एक कागद हवा म्हणून. दिव्यांत दोष नाही, असं वहिनीने लिहून द्यायचं होतं.

ड्रायव्हरही बरोबर आला होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर.

वहिनीने मालकाकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरला विचारलं, "त्या दिवशी काय चालत होतं ते सांगा."

"ताई, निघताना सगळं चालत होतं."

"कुंड्या कुठे भरल्या होत्या?"

"मागच्या अंगाला. पुढे खताची पोती यायची होती, ती आलीच नाहीत."

वहिनीने मान हलवली. त्याला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि चहा घेऊन मागे उभी राहिली. दिवे लख्ख. इंडिकेटर दोन्हीकडचे लख्ख. मालक म्हणाला, "बघा! मी काय सांगत होतो?" वहिनीने सावकाश चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, गोळ्यावरून उचला. साखळ्यापण सोडा."

दिराने जॅक फिरवून ट्रेलरचं नाक वर उचललं. नाकाखालची लोखंडी वाटी गोळ्यावरून सुटली. तरी दिवे चालू होते. मग त्याने पहिली साखळी काढली, दुसरी काढली, आणि मागचे सगळे दिवे एकदम गेले.

मालकाने वाकून पाहिलं. प्लग जिथल्या तिथे जोडलेला होता.

"आता परत टेकवा," वहिनी म्हणाली. नाक खाली आलं, वाटी गोळ्यावर बसली आणि दिवे लागले. मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत तिने समजावून सांगितलं. "वीज दिव्यापर्यंत जाते, पण परत यायची तिची वाट बंद आहे. म्हणून ती या गोळ्यातून आणि साखळ्यांमधून चोरवाटेने परततेय. ट्रेलर रिकामा असला की नाक गोळ्यावर घट्ट बसतं, तेव्हा सगळं ठीक. मागे वजन भरलं, चढ लागला, खड्डा आला की नाक उचलतं. साखळ्या आधीच गंजक्या, त्यांचा काय भरवसा? दिवे जातात आणि जातात ते मागे, ड्रायव्हरला कळणार कसं?"

"म्हणजे याने प्लग लावला होता?"

"लावला होता."

मग ती पांढऱ्या वायरीच्या बोल्टापाशी वाकली आणि पान्याने तो सोडवला. दीर तिच्या खांद्यामागे उभा होता. बोल्ट निघायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं. वायरीच्या टोकाच्या कडीखाली त्याचाच सुंदर निळा रंग होता. तीन हात. बोल्टच्या आट्यांतसुद्धा. वहिनी नाही हे पाहून त्याने बोल्ट काढून तिचं ते टक्कल झाकून टाकलं होतं आणि वर स्वतःवरच खूश होऊन शीळ घातली होती.

वहिनीने रंगावर बोट फिरवलं. दिराकडे मान वळवली नाही. उठून मालकाला म्हणाली, "चूक आमच्या शेडची आहे. तसं लिहून देते. सही माझी."

दिराला त्या क्षणी ती जेवढी मोठी वाटली तेवढं आयुष्यात दुसरं कोणी वाटलं नव्हतं. आणि त्याला सुटल्यासारखंही वाटलं, हे कबूल करायला हवं. आमच्या म्हटलं की त्यात तिघं आले, काउंटरवरचा भाऊही आला, शेडचा पत्राही आला. कोणी पुढे काही विचारणार नव्हतं.

तेवढ्यात ड्रायव्हर गाडीतून उतरला. त्याने सगळं ऐकलं होतं. बोल्टाकडे बघत तो म्हणाला, "ताई, खरं सांगू? चार दिवस सगळे तेच म्हणत होते, घरी बायकोसुद्धा. काल रात्रीपासून मलाच वाटायला लागलं होतं, की मी प्लग लावलाच नसेल. मला तर हात आठवेना स्वतःचा, लावतानाचा."

दिराला ते ऐकवेना. "आमची नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. वहिनी इथे नव्हत्या. त्या ही जागा कायम खरवडून ठेवतात. मी मुद्दाम रंगवली, छान दिसावी म्हणून."

आता हा आपल्या अंगावर येणार, असं त्याला वाटलं. आला असता तरी तो हलला नसता. ड्रायव्हर खरंच पुढे आला, पण त्याने खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला आणि तो दिरापुढे धरला.

"बोला."

"काय बोलू?"

"आत्ता बोललात तेच. माझी बायको आहे."

दीर बोलला. अडखळत बोलला, पण रंग, बोल्ट, स्वतःचा मूर्खपणा, काही गाळलं नाही. मग पलीकडून बाईचा आवाज आला, "त्यांना द्या."

ड्रायव्हरने फोन कानाला लावला. ऐकत राहिला. शेवटी दुसरीकडे तोंड वळवून म्हणाला, "हो. येतो जेवायला."