कळमन्यातली पाणबुडी

पिक्चरचं शूटिंग महिन्याभरात आटोपलं, किस्से मात्र आटपत नाहीत. कोणी चहाला भेटलं की आणखी एक निघतो! नागपुरात बसून पाणबुडीवरच्या नौसैनिकांचा विनोदी पिक्चर काढायचा, म्हटल्यावर दुसरं काय होणार? मी त्यात असिस्टंट होतो. म्हणजे चहापासून क्लॅपपर्यंत सगळं.

*

आमच्या डायरेक्टर सुनंदाताई. पाणबुडी बनवायला त्यांनी कोराडीच्या वीज केंद्रातले रिटायर्ड वेल्डर भाऊराव गाठले. आठ दिवसांनी भाऊराव नकाशा घेऊन आले.

"ताई, पाण्यात किती खोल न्यायची?"

"पाण्यात नाही हो! कळमन्याच्या बाजारातल्या रिकाम्या गोदामात उभी करायची आहे."

"मंग आधी काहून नाही सांगतलं? मी आतल्या लोकाइच्या हवेची सोय करून राहिलो होतो!"

*

पाणबुडी हलायला पाहिजे, म्हणून भाऊरावांनी ती ट्रकच्या टायरांवर बसवली. हलवायला बाजारातले आठ हमाल. आमचे कॅप्टन मनोहरराव, हौशी नाटकातले, साठी उलटलेले. त्यांनी शिडीवरून घसरून थेट पिठाच्या परातीत बसायचं होतं.

ते पडले आणि हमाल असे हसले की पाणबुडी हलेचना! दुसऱ्या टेकलाही तेच. पाचव्या टेकला मनोहरराव कंबर धरून उठले. मला राहवेना.

"काका, बस झालं आता."

"हे हसून राहिले तोवर बस कसं होईन गा?" पीठ झटकत ते पुन्हा शिडी चढले.

*

पेरिस्कोपचा सीन. मनोहररावांनी डोळा लावून ओरडायचं, "शत्रू समोर आहे!" त्यांनी डोळा लावला आणि बघतच राहिले.

"डायलॉग!" ताई ओरडल्या.

"ताई, शत्रू नाही, संत्र्याचा ट्रक दिसून राहिला!"

भाऊरावांनी आत खरे आरसे बसवले होते. कोणीही सांगितलं नव्हतं. "पेरिस्कोप म्हटला तर दिसाले पाह्यजे न!"

*

आणि तो शेवटचा दिवस. पाणबुडीत पाणी शिरतं, असा सीन. टँकर एकच मिळालेला, त्यामुळे टेकही एकच. चुकलं तर पिक्चरचा शेवटच गेला.

ॲक्शन! ठरलेल्या जागेतून पाणी आलं. तेवढ्यात नको तिथला जोड सुटला आणि पाण्याची धार थेट कॅमेऱ्याकडे! कोणाला काही सुचायच्या आत बनियनवरचे भाऊराव सेटमध्ये घुसले आणि भोकावर उजवा हात दाबून उभे राहिले. चेहरा शरमेनं लाल.

ताईंनी 'कट' म्हणायला तोंड उघडलं. पण मनोहरराव जागेवरून हलले नाहीत. सीन मोडू न देता ते भोकासमोरच ताठ झाले आणि कॅप्टनच्या थाटात भाऊरावांना कडक सॅल्यूट ठोकला.

भाऊराव गडबडले. एवढा मोठा कॅप्टन सॅल्यूट करतोय! त्यांनीही झटकन उजवा हात कपाळाला लावला.

सगळी धार मनोहररावांच्या तोंडावर! त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"हात वापस लावा भाऊराव, सॅल्यूट पोहोचला!"