मामांची डावी दाढ

आमच्या मामांसमोर कुणी टोपणाला बूच म्हटलं की त्यांचं टाळकं सटकायचं. "टोपण वरून बसतं. झाकण नुसतं टेकतं. चिंधीची गुडदी कोंबतात. बूच आत घालतात, आत! आणि आत गेल्यावर ते अंग फुगवून बसतं. प्लॅस्टिक फुगतं? पत्रा फुगतो? मग त्याला बूच कशाला म्हणता?" ज्या पाहुण्यानं सहज "जरा त्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढा हो" असं म्हटलेलं असायचं, तो बिचारा तहान विसरून जायचा.

एकदा समोरच्या वहिनींनी कौतुकानं बुचाच्या झाडाची फुलं आणून दिली. मामांचं बुचावर प्रेम, म्हणून. मामांनी फुलं ठेवून घेतली आणि वहिनींना दारातच अर्धा तास उभं करून सांगितलं, की त्या झाडाची साल जाडजूड असते एवढ्यावर त्याला हे नाव चिकटलंय, तिचं बूच करून बाटलीत घालाल तर बाटलीत भुगा आणि हातात कपाळ. खरं बूच वेगळ्या झाडाचं, समुद्रापलीकडचं. वहिनी पुन्हा फुलं घेऊन आल्या नाहीत.

मामा मालिशच्या तेलाच्या कारखान्यात बुचं पारखायचे. कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या, मधे पत्र्याची पडवी आणि सगळीकडे कापराचा असा वास की सर्दी झालेला माणूस आत शिरला तर मोकळा होऊनच बाहेर पडावा. बुचं पोत्यानं यायची. आधी त्यांना जाळीच्या टोपलीत वाफ द्यायची, मग मामांच्या पुढ्यात ओतायची. मामा प्रत्येक मुठीतलं एक बूच उचलत, डाव्या दाढेखाली ठेवत, एक डोळा मिटून हळूच दाबत आणि सोडत. दाबलेलं बूच दाढेला परत ढकलतं म्हणे. ढकललं तर जिवंत. नाही ढकललं तर मेलेलं, मग ती सगळी मूठ डाव्या टोपलीत. अडतीस वर्षं हेच. आधीच्या मालकांनी त्यांना त्या खुर्चीवर बसवलं. आता मालकांची लेक कारखाना चालवते, आम्ही तिला मालकीणबाई म्हणतो. तीही पाहुण्यांना मामांपाशी नेऊन सांगायची, "आमचा कारखाना या दाढेवर उभा आहे." असलं ऐकलं की मामा आठ दिवस जमिनीवर चालायचे नाहीत.

चावलेलं बूच बाटलीला चालत नाही. ते मामांच्या खिशातून घरी यायचं. त्यामुळे मामींच्या संसारात जिकडे बघाल तिकडे बूच, आणि प्रत्येक बुचावर मामांची दाढ उमटलेली. पातेल्याच्या झाकणाची मूठ गेली की बूच. टेबलाचा पाय डुगडुगला की बुचाची चकती. सुया टोचायला बूच, सुरीचं टोक खुपसून ठेवायला बूच, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून बूच. किल्ल्यांनाही बूच, का, तर पाण्यात पडल्या तर तरंगतील. मामी म्हणायच्या, "अहो, घरात बादलीपेक्षा खोल पाणी नाही. किल्ल्या बुडणार कुठे?" शाळेच्या नाटकासाठी माझ्या मुलाला मिशी हवी होती, तर मामांनी बूच जाळून अशी रंगवली की पोरगं तीन दिवस हवालदार होऊन हिंडलं. भेटायला येणाऱ्या बायकांना मामी खुर्ची पुसून द्यायच्या आणि म्हणायच्या, "बसा. चावलेलं काही दिसलं तर घाबरू नका, कुत्रं नाही पाळलेलं."

तर ही दाढ दुखायला लागली. एक नाही, दोन वर्षं दुखत होती. गाल टम्म सुजायचा, मामा लवंगेचं तेल लावायचे, भिंतीला डोकं टेकून बसायचे, पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचे. "सुताराला कुणी सांगतं का, करवत काढून टाक म्हणून?"

"करवत गंजलीय तुमची," मामी म्हणाल्या. "आणि रात्रभर कण्हता ते मी ऐकायचं. चला."

त्यांनी अक्षरशः दंडाला धरून नेलं. मी बरोबर होते, कारण एकटीच्यानं हे काम होणारं नव्हतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं तोंडात दिवा मारला आणि विचारलं, "आजोबा, डाव्या बाजूनं नेमकं खाता काय तुम्ही?"

"बूच," मामा म्हणाले.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

एकेक करून सगळेच दात काढावे लागले. तोवर कारखान्यानं मामांनी आधी पारखून ठेवलेल्या बुचांवर भागवलं. दीड महिन्यानं मामांच्या तोंडात नवी कवळी बसली, पांढरीशुभ्र, घोड्यालाही हेवा वाटावा अशी. मामींनी देवाचे आभार मानले. मामा कामावर हजर झाले, खुर्चीवर बसले, पहिलं बूच कवळीखाली ठेवलं, डोळा मिटला, दाबलं.

काही नाही. कपाटाच्या दारात धरल्यासारखं. दाबलं काय नि सोडलं काय, आत काही पोचेचना.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मामींना नाही, मला नाही, मालकीणबाईंना तर नाहीच. नाटक मात्र सगळं तसंच चालू. बूच उचल, डोळा मीट, दाब, मान हलव. मान होकाराचीच. अंदाजानं चांगला माल मेलेला म्हणून फेकवत नव्हता, आणि कळत नाही असं म्हणवत नव्हतं.

मी त्याच कारखान्यात लेबलांच्या टेबलावर होते. बाटलीला डिंक लावायचा, लेबल चिकटवायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात बारा-बारा भरायच्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लेबलांच्या वरच्या कडा तेलकट दिसायला लागल्या. आधी वाटलं डिंक पातळ झाला. नवा कालवला. तरी तेच. मग एका बाटलीच्या मानेवरून बोट फिरवलं. बुडाशी काचेवर तेल नव्हतं, होतं ते बुचाखालून पाझरून लेबलावर उतरलेलं. मी उठून मामांच्या खुर्चीपाशी गेले. डावी टोपली रिकामी होती. तळाला धूळ. मी इथे लागल्यापासून ती टोपली संध्याकाळी रिकामी राहिल्याचं मला तरी ठाऊक नव्हतं.

"मामा, यावेळी पोतं फार चांगलं निघालं वाटतं?"

"तू तुझा डिंक बघ," मामा म्हणाले.

गुरुवारी सकाळी गाडी येणार होती. तीनशे खोकी, नवं गिऱ्हाईक, पहिलाच माल. आणि आज बुधवार. मी त्यांच्या घरी जाऊन मामींना सांगितलं. मामा हात धुऊन पाटावर बसेपर्यंत त्या थांबल्या, एवढंच.

"कळतंय का तुम्हाला बूच, की नाही?"

"कळतं की."

"शपथ घ्या."

मामांनी पाण्याचा तांब्या उजवीकडून डावीकडे ठेवला.

"अहो, सांगून मोकळे व्हा ना! उद्या तिथे तेलाचा पूर आला की लोक काय म्हणतील?"

"आणि आज सांगितलं की काय म्हणतील?" मामा एकदम ओरडले. "म्हणतील, दाढ गेली, आता म्हातारा कशाला हवा? त्या खुर्चीवर दुसरं काय करतो मी? मला ना हिशेब येत, ना गाडी चालवता येत. मला एक दाढ होती. ती तू उपटवलीस!"

मामींचं तोंड उतरलं. मग लगेच चढलं. "दोन वर्षं कण्हत होतात तेव्हा मी कान उपटून घ्यायचे होते का माझे? काय माणूस आहे! दात होते तेव्हा दुखतात म्हणून रडला, आता नाहीत म्हणून रडतोय!"

कुणी नीट जेवलं नाही. उठताना मामा पुटपुटले, "असतील चांगली. पोतं तर बरं दिसत होतं." बरं दिसत होतं! ज्या माणसानं आम्हाला आयुष्यभर ऐकवलं की बूच डोळ्यांनी बघणाऱ्यानं बायको फोटोवरून करावी, त्यानं हे म्हणावं.

गुरुवारी मी आठाला पोचले तर मामा माझ्याआधी आलेले. खुर्चीवर नव्हते, त्याच मालातल्या उरलेल्या पोत्यापाशी उकिडवे बसले होते आणि तोंडात बूच होतं. चेहरा वेगळाच दिसत होता, गाल आत बसलेले. कवळी घातलीच नव्हती. नुसत्या हिरडीखाली बूच दाबत होते. डोळ्यांत पाणी, कारण हिरडी अजून हुळहुळी होती. पण प्रत्येक बूच ते सरळ एका बाजूला टाकत होते, न थांबता, पूर्वीसारखे. हिरडीला कळत होतं. त्यांच्या डाव्या गुडघ्याशी ढीग होता. मी मोजायला गेले नाही, उजव्या ढिगाच्या जवळजवळ बरोबरीचा होता.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. हमालांनी पहिली खोकी उचलली.

मामा उठले आणि दोन्ही हात पसरून गाडीच्या मागच्या फळीपुढे उभे राहिले. मालकीणबाई ऑफिसातून धावत आल्या. मामा बोलायला लागले, पण बिनदाताच्या तोंडातून नुसता फसफस वारा यायला लागला. शब्द एक कळेना. मालकीणबाई म्हणाल्या, "काय झालंय? बरं वाटत नाहीये का?" हमाल हसायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबांना बाजूला घ्या, उशीर होतोय." मामांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा वारा. मला सगळं ठाऊक होतं, मी तोंड उघडलंही, पण मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. त्यांचं त्यांना सांगायचं होतं.

तेवढ्यात फाटकातून मामी आल्या. पायात घरातल्या चपला, हातात स्टीलचा डबा, तोंडाचा पट्टा सुरू. "दात मोरीवर ठेवून कामाला येतं का कुणी? अख्खा रस्ता मी हा डबा घेऊन पळतेय, लोकांना वाटलं जेवण विसरला! हे घ्या, आणि काय बोलायचं ते माणसासारखं बोला!"

मामांनी सगळ्यांसमोर डबा उघडला, कवळी काढली, सदऱ्याला पुसली, बसवली. जबडा दोनदा हलवून बघितला. मग म्हणाले, अगदी स्पष्ट,

"गाडी थांबवा. एकवीस दिवस मला बूच कळत नव्हतं. मी नुसती मान हलवली. यातला निम्मा माल वाटेत गळेल."

हमालांनी खोकी खाली ठेवली. मालकीणबाईंनी एक खोकं फोडायला लावलं, बारा बाटल्या फळीवर आडव्या केल्या. आम्ही सगळे उभे राहिलो. थोड्या वेळानं पहिल्या बाटलीच्या मानेशी एक थेंब आला, मग चौथीच्या, मग सातवी-आठवीच्या. फळीवर कापराचा वास सुटला.

मालकीणबाई रागीट नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर एक मूठभर बुचं वाया गेली असती! आता तीनशे खोकी! माझ्या बाबांच्या वेळेपासूनचे तुम्ही, तुम्हाला मी बोलू तरी काय? काय बोलू?" आणि मग खूप वेळ बोलल्या. मामा मान खाली घालून उभे. मामींनी मधे एकदा म्हणून बघितलं, "चुकलं त्यांचं, पण दाढ मी..." तर मामाच खेकसले, "तू गप. मान मी हलवली."

गाडी रिकामी गेली. खुर्ची गेली, तेही त्याच दिवशी. मामांच्या हातात बूच काढायचा स्क्रू दिला आणि तीनशे खोक्यांच्या बाटल्या उघडायला बसवलं. मामी घरी गेल्याच नाहीत, त्यांच्या शेजारी बसून लेबलं भिजवून काढायला लागल्या आणि दर पाचव्या बाटलीला एक टोमणा मारत होत्या.

प्रश्न उरला, नवी बुचं पारखणार कोण. मालकीणबाईंनी स्वतः एक चावून बघितलं, थुंकून टाकलं आणि म्हणाल्या, "यात कळतं काय माणसाला?" हिरडीनं पारखायला मामा तयार होते, पण मामींनी तिथेच बजावलं, "हिरडी सोलून निघाली की मग काय, कानानं पारखणार?" मग मालकीणबाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. माझं वय सदतीस, दात बत्तीसच्या बत्तीस.

"मी लेबलांवर आहे," मी म्हटलं.

"होतीस," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वैतागाचे. मी बूच चावायचं, मामांनी समोर बसून विचारायचं.

"काय वाटलं?"

"बूच चावल्यासारखं."

"अगं, परत आलं का?"

"कुठून?"

मामा कपाळावर हात मारून घ्यायचे. "दाबलंस. सोडलंस. सोडताना त्यानं तुला ढकललं का?"

"मला कुणीच ढकललं नाही."

"सावकाश सोड! कुलूप नाही उघडत आहेस!"

त्यांच्यापाशी या गोष्टीला शब्दच नव्हते. अडतीस वर्षं कधी लागलेच नव्हते. माझा जबडा दुखायला लागला, जिभेला भुग्याची कडू चव बसली, आणि मामा उपाशी मांजरासारखे माझ्या गालाकडे बघत बसायचे. दुसऱ्या दिवशी मी बूच त्यांच्या अंगावर फेकलं. त्यांनी ते उचललं, पुसलं आणि परत माझ्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एक मूठ डाव्या टोपलीत टाकली. का, ते मला सांगता आलं नसतं. मामांनीही विचारलं नाही. त्यांनी त्या मुठीतलं एक बूच उचललं, चाकूनं उभं चिरलं, उजेडाकडे धरून आतून बघितलं आणि दोन्ही फाका त्याच टोपलीत परत टाकल्या.

"हं," ते म्हणाले. "पुढचं घे."