एकतीस काचा आणि एक ताप

भिंतीवरची ती तारीख मी आजही विसरलेलो नाही, कारण मी ती वाचली तेव्हा ती उजाडायचीच होती.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला वीस-पंचवीस वर्षं झाली होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद, आणि माझं ठाणं तिथून जीपनं दोन तासांवर. जेठाचे दिवस होते. त्या उन्हात गुन्हेगारसुद्धा सावली धरून बसतात. अशा दुपारी माझ्या टेबलावर एकाच वाडीबद्दल दोन तक्रारी आल्या.

पहिली टंकलिखित, तीन प्रतींत. हिवताप मोहिमेच्या डॉक्टरांनी कळवलं होतं की डोंगरावरच्या धनगरवाडीतल्या एकतीस जणांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि एकतीसही जणांना हिवताप निघाला. वाडीतले लोक गोळ्या घेत नाहीत, हा सरकारी कामात अडथळा आहे, तरी बंदोबस्त मिळावा. डॉक्टर प्रामाणिक होते आणि उत्साहीही. त्यांनी खालच्या गावच्या चावडीवर 'तापग्रस्त वाडी' अशी नोटीसही लावून टाकली होती.

दुसरी तक्रार स्वतःच्या पायांनी चालत आली. वाडीचा कारभारी, सत्तरीचा म्हातारा, खांद्यावर घोंगडी.

"सायेब, तीन दिस झाले, गाववाले मेंढरं तळ्यावर येऊ देत नायत. म्हणत्यात, तुमच्यात रोग हाय. दोन कोकरं मेली तहानेनं. अजून दोन दिसांत सगळा कळप आडवा व्हईल."

"रोग आहे का?"

"रोग असता तर इतक्या उन्हाचं चालत आलो असतो व्हय?"

"मग गोळ्या का घेत नाही?"

"ताप नाय तर गोळी कशाची? अन् बोटाला सुई टोचली म्हणत्यात. कवा टोचली? आमी तर चार दिसांमागं घरी आलो."

दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन खाली उतरतात, शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डॉक्टरांच्या कागदावर नमुन्यांची तारीख होती वैशाखातली. घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, हा बचाव मी सेवेत असंख्य वेळा ऐकला. एकदम एकतीस जणांनी, तोही मेंढरांसकट, पहिल्यांदाच.

मी जमादारांना घेऊन वाडीवर गेलो. जमादार निजामाच्या पोलिसातून आमच्याकडे आलेले. त्यांना घाई कधी नसे आणि चूकही क्वचितच होई. त्या काळी हिवतापाचा कर्मचारी दर पंधरा दिवसांनी दारोदार जायचा, ताप विचारायचा, बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि आल्याची तारीख भिंतीवर लिहायचा. इथं प्रत्येक दाराशेजारी गेरूनं तारखा लिहिलेल्या होत्या. एकाखाली एक, एकाच जाडीच्या, सारख्याच ताज्या. अक्षर मात्र सुंदर.

जमादार चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "साब, ये आखरी तारीख तो अभी आईच नहीं."

ती येत्या शुक्रवारची होती. पुन्हा चढावं लागू नये म्हणून कर्मचाऱ्यानं एकाच फेरीत मागच्या-पुढच्या साऱ्या तारखा उरकल्या होत्या.

म्हणजे यंदा तो एकदाच आला होता, आणि तोही वाडी रिकामी असताना. पण मग काचेवरचं रक्त कुणाचं? भिंतीवर खोटी तारीख लिहिता येते, काचेवर खोटा ताप कसा आणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहरात गेलो. औरंगपुऱ्याच्या एका बोळात वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. खिडकीशी एक बाई सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या. वाडीचं नाव सांगताच त्यांनी मान वर केली.

"आलात एकदाचे. साहेब, एकतीस माणसांचा ताप एकाच घड्याळावर चालतो का?"

मला कळेना. त्यांनी समजावलं. हिवतापाचे जंतू रक्तात टप्प्याटप्प्यानं वाढतात. वेगवेगळ्या माणसांत ते वेगवेगळ्या टप्प्यांवर सापडायला हवेत. इथं सगळ्या काचांवर एकच टप्पा, जंतूंची दाटीही तेवढीच.

"माणसं एकतीस लिहिलीत, रक्त एकाचंच दिसतंय."

"तुम्ही हे कळवलं नाही?"

"कळवलं ना. खाली शेरा लिहिला होता. आकडा लगेच वाचतात, शेऱ्याला सवड लागते."

तिथूनच मी कर्मचाऱ्याला बोलावणं धाडलं. ठाण्यावर परतलो तेव्हा तो बाकावर बसला होता, तिशीचा, किडकिडीत. म्हातारा कारभारीही निकाल ऐकायला ओसरीवर येऊन बसला होता. मी आवाज चढवला नाही. चौकशीत मी सहसा हात आधी पाहतो.

"हात पुढं कर."

डाव्या हाताची पाचही बोटं टोचून टोचून चाळण झाली होती. त्यानं ती मिटून घेतली.

"सायेब, म्या कुणाचं वाईट नाय केलं. माझं रक्त चांगलं हाय म्हणूनच दिलं. दर वेळी साफ निघायचं. वाडीचं नावबी झालं होतं."

नाव खरंच झालं होतं. तापमुक्त वाडी म्हणून डॉक्टरांच्या कचेरीत तिचा तक्ता लागला होता.

"पण वाडी रिकामी होती, ते लिहायचं होतंस."

"लिहिलं होतं की पहिल्या वर्षी. वरून मेमो आला. घर हाय तर माणूस हाय, काचा कुठं हायत? मग म्या काचा दिल्या."

बोलता बोलता तो थरथरायला लागला. भीतीनं माणूस थरथरतो हे मला ठाऊक होतं, पण याचे दात वाजत होते. जेठातल्या त्या दुपारी, पत्र्याखाली.

"ताप कधीपासून येतोय?"

"वैशाखापास्नं, एक दिसाआड. ऊन लागलंय, सायेब. सायकलीवर फिरणं लई."

ज्याच्या पिशवीत हिवतापाच्या गोळ्या होत्या, त्याला हिवताप ओळखता आला नव्हता. ओसरीवरचा म्हातारा उठला, आत आला आणि काही न विचारता आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकून म्हणाला, "आमच्या नावानं ताप आणलास, बाबा. घे, आता ऊब बी आमचीच घे."

जमादार हसले. तो हसला नाही. घोंगडीत तोंड घालून रडला.

मी विचारलं, "मुक्कामाला कुठं असतोस?"

"कालव्याच्या कामावर. मेव्हणा खडी फोडतो, त्याच्या पालात."

"तिथं कुणाला ताप?"

"सगळ्यांनाच हाय की. मेव्हण्याची बायको काल उठलीच नाय."

"मग तिथल्या काचा का नाही घेतल्यास?"

त्यानं भाबडेपणानं माझ्याकडं पाहिलं. "तिथं घरनंबर नायत, सायेब. यादीतच नाय ते."

डॉक्टरांना बोलावून घेतलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग माझे एकतीस रुग्ण?"

"एकच आहे. घोंगडीत बसलाय. बाकीचे कालव्यावर आहेत, चला."

ते तडक निघाले, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. पालं उकिरड्याशेजारी होती, खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, आणि जवळजवळ प्रत्येक पालात कुणीतरी कुडकुडत पडलेलं. मेव्हण्याची बायको बेशुद्ध होती. तिला जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात पोचवलं. ती वाचली. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर वाचली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी चावडीवरची नोटीस डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं काढली. गावच्या पाटलांनी तरी शंका काढलीच, "सायेब, सरकारी कागद खोटा कसा?" मी म्हटलं, "कागद खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय." म्हाताऱ्यानं कळप तळ्यात उतरवला. मेंढरं पाणी पिताना आवाज करत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

कर्मचाऱ्यावर मी गुन्हा नोंदवला नाही. अहवाल पाठवला आणि सोबत त्याची पहिल्या वर्षीची 'वाडी रिकामी' ही नोंद व तिच्यावर आलेला मेमो जोडला. खात्यानं त्याला शिक्षा केली, पण घरी बसवलं नाही. मेमो लिहिणाऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही. अशा गोष्टी सहसा कळत नाहीत.

या प्रकरणानं माझी एक सवय बदलली. तोवर ठाण्याच्या डायरीतली मोकळी पानं पाहून मी हाताखालच्यांवर चिडत असे. नंतर भरलेली पानं जास्त बारकाईनं वाचू लागलो. 'काही आढळले नाही' असं लिहायची ज्याला भीती वाटते, त्याला काहीतरी आढळतंच, आणि जिथं खरोखर काही घडत असतं तिथं तो कधी पोचत नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका तपासासाठी त्या वाडीवरून गेलो. दारं बंद होती, कोंडवाडे ओस. भिंतीवरच्या जुन्या तारखा पावसानं पुसट झाल्या होत्या. त्यांच्याखाली त्याच सुंदर अक्षरात एकच ताजी ओळ होती: 'वाडी रिकामी. मेंढरं घेऊन खाली गेले. पावसाआधी पुन्हा येईन.'

खाली त्या दिवशीची तारीख होती. मी घड्याळातल्या तारखेशी ताडून पाहिली. बरोबर होती.