उजव्या सीटवरून तिसगाव

बंगळुरूहून पुण्याला सुटणाऱ्या पहाटेच्या विमानातून मला उतरवलं, तेव्हा मी पट्टा बांधून बसलो होतो. आम्हा वैमानिकांना कर्मचारी म्हणून तिकीट मिळतं खरं, पण जागा उरली तरच. ऐनवेळी एक गृहस्थ धापा टाकत आले आणि माझी जागा गेली. चार दिवस असलीच विमानं आभाळात नेणारा मी मुकाट्याने पिशवी उचलून शिडी उतरलो. पुढच्या विमानात बसता बसता बायकोला, संध्याला कळवलं, ‘साडेदहाला तिसगावात.’ तिचं लगेच उत्तर आलं, ‘साडेदहाला? उडत येतोस का?’ आमच्या कामाच्या घड्याळात जगभर एकच वेळ चालते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. मी त्यातलेच आकडे पाठवले होते. म्हणजे दुपारचे चार.

पिशवीत एक फॉर्म होता. मी सहवैमानिक, म्हणजे उजव्या सीटवरचा. डावी सीट कॅप्टनची, आणि तिची मी नऊ वर्षं वाट पाहिली होती. आता यादीत नाव लागलं, तर साहेब म्हणाले, “कॅप्टन व्हायचं तर घर बंगळुरूत हवं. पत्ता लिहून आणा.” माझ्या नावावर उशिराची एक नोंद नाही. ड्यूटीच्या आदल्या दुपारीच मी बंगळुरूत पोहोचतो आणि झोप काढतो. ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. मीही काही साधुसंत नाही, सीट मला हवीच होती. संध्याला पटवायचं असं ठरवूनच मी निघालो होतो.

पुण्याहून एसटी. शिरूर गेलं, सुपा गेलं. नगरला पाथर्डीची गाडी धरली आणि खिडकीपाशी जागा मिळाली. इथून मात्र कोणी उठवणार नव्हतं. करंजी घाटात शेजारच्या मावशींनी चौकशी मांडली.

“तिसगावात कोनाकडं?”

“डॉक्टर संध्यांकडे. मी नवरा त्यांचा.”

“अगं बया! जनावरांच्या डाक्टरीनबाईंचे मालक व्हय? मंजी इमानवाले! इमान चालवता अन् यष्टीनं येता?”

“विमान तिसगावला थांबत नाही, मावशी.”

पुढची-मागची माणसं हसली. मावशी मात्र हसल्या नाहीत. “बाई बंगलोरला चालल्या म्हनं. खरं हाय का? आमची गाय दोन येळा त्यांनीच उठवली. त्यान्ला न्हेऊ नगा बगा.”

ही बातमी माझ्याआधी गावात कशी पोहोचली, देव जाणे. मला रागच आला. माझ्या घरचा प्रश्न हिला कशाला? तरी मांडीवरची पिशवी मी उगाच पायाशी सरकवली.

तिसगावला उतरलो तर घराला कुलूप. शेजारी कळलं, बाई भीमातात्यांच्या वस्तीवर गेल्या आहेत. तसाच तिकडे गेलो. गोठ्यात म्हैस आडवी पडली होती आणि संध्याचा हात खांद्यापर्यंत आत होता. रेडकू (म्हशीचं पिल्लू) उलटं अडकलं होतं. तिने वर न बघता सांगितलं, “आलास? दोरी धर. मी म्हणेन तेव्हाच ओढ.”

गणवेशाच्या पँटवर शेण घेऊन मी दोरी धरली. विमानात मला जितका घाम येत नाही तितका तिथे आला. तिसऱ्या ओढीला रेडकू बाहेर आलं, निपचित. संध्याने त्याचं नाक पुसलं, छाती चोळली, मग ते शिंकलं. भीमातात्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. “बाई घरी घावल्या म्हनून,” म्हणाले, “न्हाई तर दोनी गेल्ते.”

संध्याकाळी ताटात शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेले तुकडे) आणि बाजरीची भाकरी. जेवता जेवता फॉर्म पुढे केला. तिने तो भाकरीच्या हाताने बाजूला सारला.

“तुला सही करायची तर कर. मी येणार नाही.”

“नऊ वर्षं थांबलोय मी, संध्या. मला ती सीट हवी आहे.”

“माहीत आहे मला.” भाकरी मोडत तिने विचारलं, “तुमच्या विमानात दोघंजण कशाला लागतात?”

“एकाला काही झालं तर दुसऱ्याने उतरवायला.”

“मग सांग, इथे दुसरं कोण आहे?”

नऊ वर्षं ज्या नियमावर जगलो, तोच तिने माझ्या ताटात वाढला. बायकोच्या कामासाठी नवरा एवढे हेलपाटे घालतो म्हणून सोबतचे मला बाईलवेडा म्हणतात. म्हणोत! आंघोळीनंतरही बोटांना गोठ्याचा वास होता. त्याच बोटांनी पत्ता लिहिला: मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी.

दोन दिवसांनी परत निघालो. तोच घाट, तीच एसटी, आणि नेहमीसारखा ड्यूटीच्या आदल्या दुपारीच बंगळुरूत. साहेबांनी फॉर्म वाचून चष्मा काढला.

“हा बंगळुरूचा पत्ता नाही.”

“माझं घर तिथे आहे.”

“मग यादीतून नाव निघेल.”

“काढा. पण कारण लिहून द्या. उशीर झाला असं लिहिता येणार नाही.”

नाव निघालं, कारण अजून मिळालेलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या दुपारी झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तासभर छताकडे बघत पडलो. मग झोपलो मात्र गाढ.

दुसऱ्या सकाळी अहमदाबादची फेरी होती. डाव्या सीटवर माझ्याहून चार वर्षांनी लहान कॅप्टन. स्वच्छ थंडीची हवा, खाली नगरचा मुलूख. उजव्या काचेतून करंजीचे डोंगर दिसले, घाटाचा वळता रस्ता दिसला आणि त्याच्यापुढे धुरकट उन्हात घरांचा एक ठिपका. मी काचेला नाक लावलं.

“काय दिसतंय?” कॅप्टनने मान उंचावून विचारलं.

“माझं घर,” मी म्हणालो. “तुमच्या सीटवरून नाही दिसायचं.”