शैलाकाकूंचं उपडं ताट

शैलाकाकू गेल्याचं मोबाईलवरच्या ग्रुपमधून कळलं. खाली लगेच कोणीतरी लिहिलं होतं, "कठीण काळात धंदा कसा बदलावा, हे काकूंकडून शिकावं." डोक्यात तिडीकच गेली. बदलला म्हणे! तो बदलायला लावला, आणि लावणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होतो.

दिल्लीत मुनिरकाच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर काकूंची खाणावळ. यजमान साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार. ते गेल्यावर काकू गावी परतल्या नाहीत, इथेच आम्हा शिकणाऱ्या पोरांना जेवू घालत राहिल्या. दोन बाकं, एका वेळी आठ माणसं. त्यांचं स्वतःचं ताट ओट्यावर उपडं असायचं. शेवटचा माणूस हात धुवून आला की ते सुलटं व्हायचं. आधी नाही म्हणजे नाही. "काकू, तुम्हाला शुगर आहे, वेळेवर खा ना यार," असं म्हटलं की, "तुम्ही उठा, मग मी बसते," म्हणत वर आणखी एक पोळी वाढायच्या.

मग टाळेबंदी आली. बसून जेवण बंद. काकूंनी बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून डबे खाली सोडायला सुरुवात केली. अट एकच... जेवण झालं की फोन करून नुसतं "जेवलो" म्हणायचं. सगळ्यांचे फोन आले की ताट सुलटं. पण ज्या शेजाऱ्यांनी बाल्कनीत उभं राहून थाळ्या बडवल्या, त्यांनीच "खाली गर्दी होते" म्हणून तक्रार केली. टोपली बंद!

तोवर गुरुग्रामच्या ऑफिसात नोकरीला लागलेल्या या शहाण्याने, म्हणजे मीच, त्यांना जेवण घरपोच देणाऱ्या एका ॲपवर चढवलं. काकूंनी विचारलं, "यांचे नंबर कुठायत रे? जेवले की नाही, कसं कळायचं?"

"नंबर नाही मिळत, काकू. जेवल्यावर स्टार देतात."

"सगळे देतात?"

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

बंदी उठली, बाकांवर मात्र कोणी परतलं नाही. सगळ्यांना घरपोच हवं होतं, मलाही. काकू स्टारची वाट बघत चार-चार वाजेपर्यंत उपाशी बसतात, हे त्यांच्या मुलीने, मनीषाने, मला सांगितलं होतं. "समजाव ना त्यांना," म्हणून मी मोकळा झालो. गेल्या महिन्यात एका दुपारी शुगरची गोळी घेऊन तशाच उपाशी बसल्या, साखर एकदम उतरली, आणि ओट्यापाशीच कोसळल्या. आणि हे लोक जिद्दीचे गोडवे गातायत!

परवा मनीषाकडे गेलो. बाकं जिन्यात उभी करून ठेवलेली. ओट्यावर ताट तसंच, उपडं.

"त्या दिवशी कोणाची वाट बघत होत्या?" मी विचारलं.

"तुझी. ऑर्डरवर तुझं नाव बघून खूश झाली होती. म्हटलं, तूच फोन कर. तर म्हणाली, मीटिंगमध्ये असेल... करेल तो."

मीटिंगमध्येच होतो, काकू. एकच्या सुमारास जेवलोही होतो.